हाताचं माहेर

चर्चच्या फाटकातून गाडी बाहेर पडली आणि पाद्रीबाबांनी बोट दाखवलेल्या कच्च्या वाटेला लागली, तेव्हा आल्दोनानं मांडीवरचा नकाशा मिटला. ही वाट तिच्या पायांना पाठ होती. पुढं वळणावर लाकडी क्रूस येणार, त्याच्या पायाशी कुणीतरी ठेवलेली झिनियाची फुलं असणार, मग तळं, मग बर्चची झाडं, आणि झाडांच्या आड निळ्या खिडक्यांचं घर.

तिनं किती युक्तीनं सगळं ठरवलं होतं! पोलंडच्या या लिथुआनियन बोलणाऱ्या कोपऱ्याच्या नकाशावर तळ्याच्या पलीकडची गावं सरांना दाखवली होती. तिकडची बोली जास्त जुनी आहे म्हणून पटवलंही होतं. पण वाटेत पाद्रीबाबांना भेटायला म्हणून थांबले, आणि त्या नव्या, हसऱ्या, गावात कुणाचं कोण हे अजून न उमगलेल्या माणसानं सगळ्यावर पाणी फिरवलं. "जुनं बोलणं हवंय ना, साहेब? आणि गाणी? मग पलीकडे कशाला जाता? मार्त्सेलेआजीकडे जा. सबंध लिथुआनिया तिच्या तोंडात आहे."

प्राध्यापक सेवेरिन ग्रोत खुशीत गाडी हाकत होते. वॉर्साच्या विद्यापीठात त्यांचा व्युत्पत्तिकोश चालला होता, स्लाव्ह भाषांच्या मूळ घरातले शब्द कुठून आले ते सांगणारा. आल्दोना त्या कामात त्यांची मदतनीस. गेलं वर्षभर ते एकाच शब्दापाशी अडून बसले होते. हात.

"बघा आल्दोनाबाई," ते म्हणाले. हे ते तिला कितव्यांदा तरी सांगत होते, पण दर वेळी त्यांचा आवाज नव्यानं उजळायचा. "आपण पोलिश लोक म्हणतो रेंका. रशियन म्हणतो रुका. खाली बल्गेरियापर्यंत जा, तोच शब्द, नुसते कपडे बदललेले. पण हाताला हेच नाव का? आपल्या कुठल्याच भाषेत असं क्रियापद उरलं नाही, की ज्याच्या कुशीतून हा निघाला म्हणावं. पोरका शब्द! आणि कुंपणापलीकडे आपला लिथुआनियन शेजारी हाताला म्हणतो रांका, आणि वेचण्याला म्हणतो रिंक्ती. वेचतो तो हात! म्हणजे आई शेजारच्या घरात जिवंत आहे, चूल पेटवतेय, आणि लेकराला पत्ताच नाही!"

"हो, सर," आल्दोना म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. क्रूस आला. खाली झिनियाची फुलं होती.

सुवाल्की शहरातल्या पोलिश शाळेत, वसतिगृहात, मुली तिला म्हणायच्या, "तोंडात बटाटा धरून काय बोलतेस गं?" ती रात्री उशीत तोंड खुपसून पोलिश उच्चार घोकायची. वॉर्साला आली तोवर बटाटा विरघळला होता. कुठली म्हणून विचारलं की ती म्हणायची, सुवाल्कीची. मग एकदा सरांच्या घरी चहाला बोलावणं आलं. सरांच्या बायकोनं मायेनं विचारलं, घरी कोण कोण असतं. वडील गेले, आल्दोना म्हणाली. ते खरंच होतं. "आणि आई?" आता गावाचं नाव निघणार, बोली निघणार, आईचा तो डोक्याचा रुमाल निघणार. चहाचा घोट गिळावा तसं ती बोलून गेली, "आईपण."

बाईंनी तिचा हात हातात घेतला होता. नाताळला लोकरीची शाल दिली होती. ती शाल आल्दोना हिवाळ्यात वापरायची आणि तिची ऊब तिला चटक्यासारखी लागायची.

"लिथुआनियन उच्चार काय छान कमावलेत हो, नुसत्या पुस्तकांवरून!" सर कौतुकानं म्हणायचे. ती मान खाली घालायची. सरांना तो विनय वाटायचा.

झाडं सरली. निळ्या खिडक्या दिसल्या.

घरामागच्या शेतात सावडीची माणसं बटाटे काढत होती. आज या घरचं शेत, उद्या शेजारचं, असं गाव सगळ्या सप्टेंबरभर एकमेकांच्या मातीत वाकलेलं असे. पुढं घोडा नांगर ओढत होता, सरी उलटी पडत होती, आणि मागून बाया वेताच्या टोपल्यांत बटाटे वेचत येत होत्या. गाडीचा आवाज ऐकून एक एक पाठ सरळ झाली.

मार्त्सेले सगळ्यांत मागं होती. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. मग टोपली तशीच टाकून ती निघाली. येता येता दोन्ही हात पुढच्या एप्रनला पुसत होती, घासून घासून पुसत होती. का ते आल्दोनाला ठाऊक होतं. लांबून आलेलं लेकरू आधी आईच्या हाताला ओठ लावतं, मग बाकीचं सगळं. या गावात गलबतावरून आलेला पोरगाही तसंच करतो आणि तुरुंगातून सुटलेलाही.

मार्त्सेले समोर आली. तिचं तोंड फुललं होतं. हात पुढं आला होता.

"नमस्कार, बाई," आल्दोना पोलिशमध्ये म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. "आम्ही वॉर्साहून आलोय. विद्यापीठातून."

हात हवेत थांबला. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच थांबला. मग तो वर गेला आणि त्यानं डोक्यावरचा रुमाल नीट केला, जणू रुमालासाठीच निघाला होता.

"नमस्कार, बाईसाहेब," मार्त्सेले मोडक्या पोलिशमध्ये म्हणाली. "या. घरात पसारा आहे."

मागून ओनातेता आली, म्हणजे ओनामावशी, शेजारीण, जिच्या परसातले प्लम आल्दोनानं लहानपणी चोरले होते. तिनं कमरेवर हात ठेवून गावच्या बोलीत फटाका लावला, "अगं बया! राजधानीत जाऊन डोळे गेले काय हिचे? का आमच्या अंगाला वास येतोय?"

सरांना पुस्तकातलं लिथुआनियन यायचं, पण ते असं पळत नव्हतं. "काय म्हणाल्या या?" त्यांनी आनंदानं विचारलं.

"म्हणते, ऊन फार आहे, डोळे दिपतात," मार्त्सेले म्हणाली.

सर शेताच्या बांधावरच बसले. त्यांना धीर नव्हता. त्यांनी आपला पांढरा, मऊ हात वर धरला. "आजी, याला काय म्हणता?"

"रांका."

"आणि आत्ता या हातांनी काय करत होतात?"

मार्त्सेलेनं ओनाकडे बघितलं, माणूस बरा आहे ना अशा नजरेनं. "बटाटे वेचत होते. दिसत नव्हतं?"

"तुमच्या बोलीत सांगा, तुमच्या बोलीत!"

तिनं सांगितलं. सरांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलंत, आल्दोनाबाई? तेच, तेच! आणखी काय काय वेचता, आजी?"

"काय वेचत नाही ते विचारा," ओनातेता म्हणाली.

मार्त्सेले बोटं चोळत होती. नखांच्या कडांत काळी माती बसली होती, सांधे सुजून बोराएवढे झाले होते. "बटाटे. दलदलीतली लाल फळं. अळंबी. वसंतात शेतातले दगड, दर साली नवे वर येतात, कोण पेरतं देव जाणे. मेंढीची लोकर कुंपणाला अडकते ती." ती थांबली. "पोरं लहान असताना त्यांनी सांडलेलं सगळं."

"पोरं कुठं असतात?"

"मुलगा समुद्राकडे, जहाजाच्या कारखान्यात. मुलगी शहरात."

"येते का भेटायला?"

"कामात असते," मार्त्सेले म्हणाली. तिनं आल्दोनाकडे ओझरतंही बघितलं नाही. "मोठं काम आहे तिचं."

"फार शिकली," ओनातेता म्हणाली. "इतकी शिकली, इतकी शिकली की..."

"ओना, घोडा उभा राहिलाय. बघ जरा."

आल्दोना बांधावर उभी होती. बुटांना माती लागू नये म्हणून ती गवतावर पाय ठेवून उभी आहे, हे तिच्या स्वतःच्याच ध्यानात आलं. तिनं पाय काढला आणि मातीत ठेवला. त्यानं काही झालं नाही.

जेवणाची वेळ झाली तशी सगळी माणसं घरात आली. लांब मेजावर काळा पाव, आंबट दूध, आणि खिमा भरलेले बटाट्याचे मोठे मोठे गोळे, वर चरबीचे कुरकुरीत तुकडे आणि तळलेला कांदा. सावडीच्या बायांना भीड होती, पाहुण्यासमोर कुणी काही बोलत नव्हतं. चमच्यांचाच आवाज. पण सगळ्यांचे डोळे ताटावरून उठून आल्दोनापर्यंत येत आणि भाजल्यासारखे परत जात.

सरांना ती शांतता भाविक वाटली. त्यांचं मन भरून आलं होतं. मार्त्सेले डाव घेऊन वाढत आल्दोनापाशी आली तसे ते म्हणाले, "हिला जरा मायेनं वाढा हो, आजी. बिचारीला आई नाही. घरचं जेवण कुठलं मिळायला!"

डाव हवेत राहिला. त्यातून चरबीचा एक थेंब मेजावर पडला.

ओनातेतानं पाव तोंडाशी नेला होता, तो तिथंच राहिला.

"अरेरे," मार्त्सेले म्हणाली. हळूच म्हणाली, शेजारच्या घरातलं मूल झोपलं असावं तशी. मग तिनं आल्दोनाकडे, आल्यापासून पहिल्यांदा, सरळ बघितलं. "कधी गेली, बाईसाहेब, तुमची आई?"

आल्दोनानं ताट उगाच जवळ ओढलं.

"लहानपणीच, नाही का?" सर कळवळून म्हणाले. "त्या काही बोलत नाहीत त्याबद्दल. आमच्या घरीही एकदाच बोलल्या."

"नका बोलायला लावू मग," मार्त्सेले म्हणाली.

आणि तिनं वाढलं. डावाच्या कडेनं कांदा बाजूला सारला, सगळा सारला, आणि नुसते कुरकुरीत तुकडे घेऊन गोळ्यावर घातले. आल्दोनाला कांदा आवडत नाही. कुणी सांगितलं नव्हतं. हातानं आपला आपण सारला होता.

ते ओनातेतानं बघितलं. ती पाव ठेवून उठली आणि बाहेर निघून गेली. दार आपटलं नाही तिनं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

"खा, बाईसाहेब," मार्त्सेले म्हणाली. "गार होतंय."

आल्दोनानं खाल्लं. ताट पुसून खाल्लं. पुसून न खाणं या घरात चालत नसे.

माणसं शेतात परतली. सरांनी टेपचं यंत्र मेजावर मांडलं, चकत्या बसवल्या. "आता एक गाणं, आजी. वेचण्याचं. पाद्रीबाबा म्हणाले, तुम्हाला येतं."

"येतं अर्धं."

"अर्धं तर अर्धं!"

मार्त्सेले पाठ ताठ करून बसली. हात मांडीवर पालथे ठेवले. चकत्या फिरू लागल्या आणि ती गाऊ लागली. म्हाताऱ्या गळ्यातून आवाज असा आला, जसा विहिरीतून पोहरा येतो, थोडा हिंदकळत, पण भरलेला.

*कुठं होतीस, लेकी माझे, दंव वाळून गेलं,*
*रिकामं गं टोपलं तुझं कुठं विसावलं?*

आणि ती थांबली.

चकत्या फिरत होत्या. खिडकीच्या काचेवर माशी चढत होती, घसरत होती.

"पुढं?" सर कुजबुजले.

"पुढचं मी म्हणत नाही. आई विचारते, लेक सांगते. दलदलीत फळं वेचताना असंच म्हणतात. आई या टोकाला, लेक त्या टोकाला. धुक्यात दिसत नाही ना. गाण्यावरून कळतं लेक कुठं आहे, पाय रुतला नाही ना कुठं."

"पण तुम्हाला येत असेल की लेकीचं कडवं!"

"येतं. पण ते माझं नाही," मार्त्सेले म्हणाली.

आल्दोना भिंतीशी उभी होती. ते कडवं तिच्या जिभेवर होतं. नुसतं जिभेवर नव्हतं, गुडघ्याएवढ्या गार पाण्यात होतं, धुक्यात होतं, लाल झालेल्या बोटांत होतं. तेव्हा आईचा प्रश्न पांढऱ्या धुक्यातून यायचा आणि ती जीव खाऊन उत्तर ओरडायची, म्हणजे आईला भीती वाटू नये.

सर तिच्याकडे वळले. "काय पोकळी आहे ही, आल्दोनाबाई! प्रश्न आहे, उत्तर नाही. असंच राहू दे ध्वनिफितीवर. फार सुंदर आहे."

तिनं ओठ उघडले. चकत्या फिरत होत्या. मग एक टक् आवाज झाला. सरांनी यंत्र बंद केलं होतं.

अंगणात निघायची वेळ झाली. सरांनी हॅट काढली, वॉर्साचा जुना घरंदाज माणूस वाकतो तसे ते वाकले आणि त्यांनी मार्त्सेलेचा हात ओठांशी नेला.

"अगंबाई, माती आहे, साहेब!" ती हात ओढू लागली.

"हाच तर हात, आजी," ते म्हणाले. "याच्याच नावासाठी मी वर्षभर कागदांत डोकं घालून बसलो होतो."

मग ते बाजूला झाले. आता आल्दोना समोर होती. शेतातल्या बाया सरीतून मान वर करून बघत होत्या. निघतानाही हात ओठांना लावतात, येताना लावला नसला तरी. तिनं ठरवलं. ती वाकली.

"वा, वा," सर मागून खूश होऊन म्हणाले. "तुम्ही तरुण मंडळी हे विसरला नाहीत तर."

तिला ऐकू आलं, आणि तिला कळलं की हे चुंबनही आता चोरीचंच होणार. सर समजणार ती त्यांचं बघून करतेय. शहरी रीत. ते समजणार आणि ती समजू देणार, गाडीत बसणार, आणि वळणावर क्रूस मागं जाणार.

पण तिचे ओठ पोचलेच नाहीत. मार्त्सेलेनं हात मागं घेतला होता. दोन्ही हात एप्रनखाली गेले होते.

"नको, बाईसाहेब," ती म्हणाली. "आई असलेल्यांनी करायचं ते."

आल्दोना वाकलेलीच राहिली. एप्रनवर मातीचे पंजे उमटलेले होते, सकाळी घासून घासून पुसलेले. तिच्यासाठीच पुसलेले. ती गाऊ लागली. शिकलेल्या, कमावलेल्या उच्चारात नाही. तोंडात बटाटा धरून.

*इथंच होते, आई माझे...*

आणि तिचा आवाज फुटला. पुढं येत होतं तिला. दलदलीच्या काठी, लाल फळं वेचीत होते तुझ्याच गं ओटीसाठी. सगळं येत होतं. पण पहिल्याच शब्दाशी ती अडली, कारण तो शब्द खरा नव्हता. ती इथं नव्हती. किती तरी दिवस नव्हती, आणि आज, या अंगणात, या मेजावर, तर मुळीच नव्हती.

"खोटं गाऊ नकोस," मार्त्सेले म्हणाली. त्यांच्या बोलीत. एकेरीत.

हे सावकाश बोललेलं होतं. सरांना समजलं. त्यांनी एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे. दोघींची कपाळं बघितली, एकाच साच्यातली. त्यांच्या हातात हॅट होती, ती त्यांनी छातीशी धरली. गोऱ्या गालांवर लाली चढली.

"आल्दोनाबाई," ते म्हणाले, "मी जेवताना काय बोलून गेलो..."

"तुम्ही नाही, सर. मी बोलले होते. तुमच्या घरी, चहाला." ती सरळ उभी राहिली. "ही माझी आई. मार्त्सेले. मी इथली."

सांगितल्यावर हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट आता लाज बाहेर आली, अंगणभर पसरली, आणि तिच्याकडे सगळ्यांना बघता येऊ लागलं.

सरांना कुठं बघावं कळेना. ते यंत्र उचलून गाडीत ठेवू लागले, मग पुन्हा बाहेर काढून दुसऱ्या बाजूला ठेवलं. "मी पाद्रीबाबांकडे मुक्काम करतो," शेवटी ते म्हणाले. "तुम्ही... जेव्हा जमेल तेव्हा या. घाई नाही." मार्त्सेलेसमोर ते पुन्हा वाकले, पण हात मागितला नाही. गाडी गेली. बर्चच्या झाडांमागं तिचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"आई," आल्दोना म्हणाली.

मार्त्सेलेनं एप्रनखालून हात काढले. आल्दोनाला वाटलं, आता. पण मार्त्सेलेनं भिंतीशी उपडी पडलेली जुनी टोपली उचलली आणि तिच्यापुढं धरली.

"उन्हं आहेत तोवर वेचून घेऊ. ओनाच्या घरी उद्याची पाळी आहे."

शेतात बाया सरकल्या आणि एका सरीची जागा झाली. ओनातेता, मान वर न करता, म्हणाली, "ते बूट काढ. शहरातले बूट माती खातात आणि बटाटे चिरडतात."

आल्दोनानं बूट काढले. माती गार होती. ती वाकली आणि वेचू लागली. सुरुवातीला बोटं चाचपडली, मग त्यांना आपलं आपण आठवलं: मुठीत धरायचा, अंगठ्यानं माती पुसायची, टोपलीत टाकायचा, आणि टाकता टाकता दुसरा हात पुढच्यावर. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. बाजूच्या सरीत आई वेचत होती. ती गात नव्हती.

सरी संपली. मार्त्सेले गुडघ्यांवर आली होती आणि तिला उठता येत नव्हतं. तिनं इकडेतिकडे बघितलं. ओनातेता जवळच होती, पण ओना घोड्याकडे बघत राहिली, मुद्दाम बघत राहिली.

मार्त्सेलेनं हात पुढं केला.

"उठव मला."

आल्दोनानं तो धरला. जड, खरबरीत, मातीनं माखलेला हात. दोन्ही तळव्यांतली माती एक झाली. ओठ लावावेत इतका तो जवळ होता, पण तेवढी हिंमत तिच्याजवळ नव्हती, आणि तो त्यासाठी दिलेलाही नव्हता. तिनं आईला ओढून उभं केलं. मार्त्सेलेनं पाठ चोळली, टोपली उचलली.

पुढं नांगरानं नवी सरी उलटली. दोघी तिच्याकडे वळल्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला.